न हलणारा आकडा

माझी नणंद माझ्याहून लहान, तरी मी तिला वन्सं म्हणते, अहो-जाहो करते, तेही चिडवायला. लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते. नव्या औषधांच्या चाचण्यांतून रुग्णांच्या रक्ताचे जे रिपोर्ट येतात, ते तपासणं हे तिचं काम. नावं दिसत नाहीत, नुसते नंबर. दिवसभर त्यात डोकं घालायचं आणि घरी येऊन माझ्या स्वयंपाकाला नाक मुरडायचं!

एकदा आली तीच धुमसत. "वहिनी, एका केंद्रावरच्या सगळ्यांच्या किडन्या ठणठणीत आहेत."

"मग तुमच्या का पोटात दुखतंय?"

"बायका, पुरुष, म्हातारे, सगळ्यांचा आकडा जवळजवळ एकच. महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. जिवंत माणसाचं रक्त असं नसतं हो. पाणी कमी प्यायलं तरी आकडा वर सरकतो."

साहेबाला सांगितलं तर तो म्हणे, औषध मानवलंय, आनंद माना. ही गप्प बसते थोडीच? पुन्हा सांगितलं, मग लिहून दिलं. ऑफिसात तिचं नावच शंकासुर पडलं.

माझा जीव मात्र दुसरीकडे टांगलेला. आमचे हे, म्हणजे तिचा दादा, सांधेदुखीसाठी त्याच औषधाच्या चाचणीत होते. पाय सुजायला लागले होते, चपलेचा पट्टा रुतायचा. मी काही बोलले की म्हणायचे, "रिपोर्ट चांगला आहे ना? मग तुझी कटकट कशाला?"

त्या रविवारी जेवताना केंद्रावर रक्त काढणाऱ्या सिस्टरचं त्यांचं पुराण सुरू होतं. "हात इतका हलका की सुई कळत नाही. कुणाचा खाडा होऊ नये म्हणून आम्हा सगळ्यांना संध्याकाळी कामावरून सुटल्यावर बोलावते. देवमाणूस!"

वन्संचा घास हातातच राहिला. "संध्याकाळी? दादा, मला संशय आहे त्या केंद्राच्या रक्ताच्या एकूणएक नळ्यांवर दुपारची वेळ असते." तुझंच केंद्र आहे का ते मला कळायची सोय नाही, म्हणाली, पण गोळी आजपासून बंद, आणि उद्या बाहेर रक्त तपासून घे.

हे भडकले. "ती बाई आमच्यासाठी ताटकळते आणि तू तिला चोर ठरवतेस?" ताटावरून उठून गेले.

मी गोळ्यांची डबी कपाटात कुलूपबंद केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना अक्षरशः ओढत नेलं. रिपोर्ट घ्यायला आम्ही जाण्याआधीच डॉक्टरांचा फोन आला. किडन्या गेल्यात जमा होत्या.

मग चौकशी बसली. केंद्र तेच निघालं. नळ्या नेणारा माणूस यायचा दुपारी. संध्याकाळी काढलेलं रक्त दुसऱ्या दुपारपर्यंत खराब व्हायचं, लॅब परत पाठवायची. दुपारी बोलावलं तर माणसांचा पगार कापला जाणार. म्हणून सिस्टरनं तोडगा काढला. संध्याकाळचं रक्त ओतून द्यायची आणि दुपारी स्वतःच्या हातातून काढलेलं रक्त सगळ्यांच्या नळ्यांत भरायची. स्वतःच्या! वर दिवसभर तशीच राबायची. तिला शिव्याशाप द्यायला मी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. असली माया नको गं बाई कुणाची.

साहेबाची बदली झाली. बाकीच्या नंबरांचं काय झालं, ते वन्सं मला सांगत नाही.

हे आता डायलिसिसवर आहेत. मशीनवाल्याचा हात जड आहे, अशी यांची तक्रार. "त्या सिस्टरची सुई कळायची नाही," अजून म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तिथे अधूनमधून रक्त तपासतात. रिपोर्ट आला की आधी वन्संच हात पुढे करते. परवाही तिनंच घेतला, वाचला, आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. मी आशेनं कागद ओढून घेतला.

"अहो वन्सं, वाढलाय की हा आकडा! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"वाढलाय, वहिनी," ती म्हणाली. "पण दादाचा आहे."