हिरवळीची तीन आठवड्यांची सूट

चैत्राच्या तोंडावर नर्सरीतून हिरवळीच्या गुंडाळ्या आल्या आणि आमच्या अंगणात चटईसारख्या अंथरल्या गेल्या. तेव्हापासून हे पहाटेच उठतात. ज्यांना चहासाठी मी चाळीस वर्षं तीन-तीनदा हाका मारल्या, ते आता माझ्याआधी पाइप धरून उभे असतात.

"तीन आठवडे कुणी पाय ठेवायचा नाही," त्यांनी बजावलं. "परक्या मातीत आलीय बिचारी. मूळ धरायला वेळ लागतो."

मी या घरात आले, तेव्हा अंगाची हळद उतरायच्या आत मला सोळा माणसांच्या पोळ्या लाटायला बसवलं होतं. वाढून घेणाऱ्यांत हेही होते.

आज त्यांनी हिरवळीचा कोपरा अलगद उचलून पाहिला. तो मातीतून सुटेना. "धरलं बघ मूळ," म्हणाले, आणि चेहरा असा फुलला की मला त्या गवताचा मत्सर वाटला.

"माझं कधी पाहिलंत?" मी विचारलं.

ते कोपरा दाबत राहिले. मग म्हणाले, "तू कधी सुकलीच नाहीस."

"सुकायला सवड कुणी दिली होती?" म्हणत मी बादली उचलली आणि चपला घालून, सरळ हिरवळीवरून, कपडे वाळत घालायला गेले.