होकाबाईंची सही

विमान चालवायला सासूकडून शिकू नये. माझं ऐका. सासूकडून स्वयंपाक शिका, हवं तर भांडण शिका, पण विमान नको. घरात सासूशी पटलं नाही तर माणूस उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसतं. एवढ्याशा विमानात कुठली आलीये दुसरी खोली?

आमच्या गावाबाहेर एक लहानसा विमानतळ आहे. तिथल्या शाळेत माझ्या सासूबाई उडायला शिकवतात. विद्यार्थी पाठीमागे त्यांना होकाबाई म्हणतात, कारण त्यांचा सगळा जीव होकायंत्रात. त्या शिकल्या तेव्हा उंची आणि वेग सांगणारी चार-सहा घड्याळं आणि समोरच्या काचेपाशी तेलात तरंगणारी होकायंत्राची तबकडी, एवढंच भांडवल होतं. तेवढ्यावर त्यांनी तरुणपणी वाळवंट ओलांडून टपाल पोचवलं. माझा नवरा पोटात होता तेव्हाही त्या उडत होत्या. "म्हणून तर मला बसमध्येसुद्धा मळमळतं," असं तो म्हणतो.

आता विमानात मोठी स्क्रीन असते. उपग्रहांवरून ठिकाण कळतं आणि नकाशावर आपलं इवलंसं विमान सरकताना दिसतं. मी त्या स्क्रीनवर बेहद्द खूश होते. सासूबाई मात्र आत बसल्या की आधी तिच्यावर एक जांभळी लोकरीची टोपी चढवायच्या. नवऱ्याच्या लहानपणीची, त्यांनीच विणलेली.

"आता सांग, कुठे आहोत आपण?"

"आई, टोपीखाली आहे उत्तर."

"टोपीखाली डोकं असावं. ते वापर."

मग मांडीवर नकाशा, मनगटावर घड्याळ आणि समोर ती डुलणारी तबकडी. विमानात चढण्याआधी तर माझी झडतीच व्हायची. फोन मागच्या सीटवर, केसांतल्या पिना काढून डबीत. "होकायंत्राजवळ लोखंड नको आणि लोहचुंबक तर मुळीच नको," त्या म्हणायच्या. "ते बिचारं भोळं आहे. जवळच्याचं ऐकतं."

बेटांवर औषधं पोचवणाऱ्या विमानांवर एक जागा रिकामी झाली होती. ती मला जिवापाड हवी होती. पण लांबचा प्रवास एकटीने केल्याशिवाय परवाना नाही, आणि एकटीने जायला होकाबाईंची सही हवी. बाकीच्यांना ती सही कधीच मिळाली होती. मी घरची, म्हणून माझ्या वाट्याला जास्त कसोट्या. त्या आठवड्यात सही झाली नसती तर ती जागा दुसऱ्या कुणाची तरी झाली असती.

अखेर एका सकाळी त्या म्हणाल्या, "तळ्याकाठच्या विमानतळापर्यंत ने मला. नीट नेलंस तर सही."

धावपट्टीवर उभं राहून मी होकायंत्र पट्टीच्या दिशेशी जुळवून पाहिलं. तंतोतंत होतं. वर गेल्यावर सासूबाईंनी नवा चष्मा त्याच्या डबीतून काढून डोळ्यांवर चढवला, नकाशा पाहिला आणि खिडकीला टेकून बसल्या. खाली सपाट जमीन, सगळीकडे धुरकट. मी डोळ्यांत तेल घालून तबकडीवर दिशा धरून ठेवली.

ठरल्या वेळी नदी यायला हवी होती, नदीवर रेल्वेचा पूल. आली दगडाची खाण. हिशेब पुन्हा केला, त्यात वारा पुन्हा जमेस धरला. सासूबाई खिडकीबाहेरच बघत राहिल्या. त्यांचं ते जीभ चावून बसणं मला पाठ होतं. सून चुकली आहे, बघू स्वतः सावरते का.

तेवढ्यात धुक्यातून महामार्ग दिसला. नकाशावर तो पट्टीने आखावा तसा सरळ उत्तरेला जात होता. मी विमान त्याच्याबरोबर नेलं आणि होकायंत्राकडे पाहिलं. ते म्हणत होतं, ही उत्तर नव्हेच.

"आई, होकायंत्र चुकतंय."

"माझं होकायंत्र चुकत नाही."

"मग रस्ता चुकतोय का?" माझा आवाज चढला. "एवढा डांबरी रस्ता रातोरात वळला?"

आणि मला ती दिसली. होकायंत्राच्या अगदी खाली, काचेपाशी ठेवलेली त्यांच्या नव्या चष्म्याची डबी. माझ्या नवऱ्यानेच त्यांच्या वाढदिवसाला दिलेली, झाकणाला लोहचुंबक असलेली, टक्कन बंद होणारी. मी बोट दाखवलं. माझ्या पिना उतरवून घेणाऱ्या बाईच्या नाकासमोर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सासूबाईंनी डबी उचलून पदराआड धरली. तबकडी डुलली, वळली आणि रस्त्याच्या बाजूने साक्ष देऊन गप्प झाली. त्यांचा चेहरा पार उतरला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला जराही आनंद झाला नाही.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या हाताने त्यांनी स्क्रीनवरची टोपी काढली. नकाशावर आमचं इवलंसं विमान त्याच रस्त्यावर, उत्तरेला तोंड करून होतं.

मी त्या दोन गोष्टींकडे बघतच राहिले. जमिनीच्या पोटातलं काहीतरी त्या तबकडीला धरून होतं. आणि आमच्या डोक्यावर, जिथे हवासुद्धा नाही, तिथून कुणीतरी स्क्रीनला तेच सांगत होतं. आणि मधल्या एवढ्या मोठ्या पोकळीत आम्ही सासू-सुना, एका विमानात. माझे डोळे भरून आले.

"बघतेस काय? तळं गाठ," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज ओला होता.

तळ्याकाठी उतरल्यावर त्यांनी कागद मागितला, विमानाच्या शेपटीवर ठेवला आणि सही केली. मी आभार मानणार, तोच त्यांनी डबी आणि टोपी पर्समध्ये टाकून मला परत आत बसवलं आणि दार बाहेरून लावलं.

"तू एकटी परत जा. मी बसने येते."

"आई, स्क्रीन झाकू की उघडी ठेवू?"

"उघडी ठेव. एक चुकलं तर दुसरं सांगेल. आणि दोन्ही चुकली तर आज केलंस तसं कर. खिडकीतून बघ, आणि समोर सासू असली तरी बोल."

मी उडाले. वर जाऊन तळ्यावर एक फेरी मारली आणि खाली पाहिलं. सासूबाई बस गाठायला गेल्या नव्हत्या. पट्टीच्या कडेला उभ्या राहून त्यांनी एक हात सरळ लांब धरला होता, मला वरून दिसावा म्हणून हातात ती जांभळी टोपी घेऊन. त्या घराची दिशा दाखवत होत्या.

मी होकायंत्र पाहिलं, स्क्रीन पाहिली. तिघांचं एकमत होतं.