सगळं ठीक असल्याचा निरोप

आमच्या इमारतीत कुणाकडेही गॅसचा सिलेंडर आला, तरी तो आधी तळमजल्यावर धाकूशेठ भोईरांच्या काट्यावर चढतो. सिलेंडरवाल्याकडे काटा असतो. पण धाकूशेठचं म्हणणं, "त्याचा काटा त्याचीच बाजू घेनार." भाताच्या गोणी तोलायचा हा जुना काटा शेती गेल्यावरही त्यांनी विकला नाही. डोंबिवलीत आज जिथं आमची इमारत उभी आहे, तिथंच त्यांची खाचरं होती. बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात घरं दिली, आणि देताना अशा काही गमती केल्या की तेव्हापासून हा माणूस तोंडी शब्दावर विश्वास ठेवत नाही. लेखी शब्दावर तर त्याहून नाही.

मी वरच्या मजल्यावर राहतो. ठाण्याच्या एका कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो. धाकूशेठना चष्मा लावूनही बारीक अक्षर लागत नाही, म्हणून बिलं, नोटिसा, मोबाइलवरचे निरोप ते माझ्याकडून वाचून घेतात आणि मग तेच दुसऱ्या कुणाकडून पडताळून घेतात. मला त्याचा राग येत नाही. माझंही वाचताना चुकतं. ही हकिगत लिहितानाही मला तीच धास्ती आहे, पण त्या दिवशी सुरुवातीपासून तिथं बसलेला मी एकटाच होतो, म्हणून मीच लिहावी असं ठरलं.

धाकूशेठची मुलगी करिश्मा लग्नानंतर मस्कतला गेली. तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे भोईरांच्या घरात गृहीतच होतं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवास नको म्हणून सांगितलं.

"डाक्टरीन नको बोलली का जावय नको बोलला?" धाकूशेठनी मला विचारलं. जावई हितेश तसा गरीब स्वभावाचा. पण मी काय सांगणार?

शेवटी आवडाबाईंनी तिकडे जायचं ठरलं. आवडाबाई म्हणजे धाकूशेठच्या पत्नी. तोवर त्यांचं लांबात लांब जाणं म्हणजे कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला, तेही सगळ्या भावकीबरोबर. निघायच्या आदल्या दिवशी मुलगा धनेश त्यांना मोबाइल शिकवत होता. तो ठाण्यात नोकरी करतो.

"आई, हे विमानाचं चित्र. आत बसलीस की दाबायचं. तिकडे उतरलीस तरी नेट चालू करायचं नाही, आणि रोमिंगला तर हात लावायचा नाही, बिल येईल डोकं फिरवणारं. हितेशच्या घरी वायफाय आहे. त्याच्यावरून निरोप पाठवायचे, एकदम फुकट."

"फुकट कोन देतो?" धाकूशेठ खाटेवरून म्हणाले.

"बाबा, वायफायचं बिल हितेश भरतो."

"मंग त्याच्या तारेवरून आपला बोलना जानार. त्याना ऐकला तर?"

"ऐकू दे की. शिव्या थोड्याच घालणार आहात त्याला?"

"ते आता कसा सांगू?"

आवडाबाई हसल्या. त्यांना लिहिता येत नाही. म्हणून धनेशनं त्यांना माइकचं चित्र दाखवलं. दाबून धरायचं, बोलायचं, सोडलं की गेलं. तिकडे ॲपवरून समोरासमोर बोलता येत नाही, निरोप तेवढे जातात, असं हितेशनं कळवलं होतं. हेही धाकूशेठना पटलं नव्हतं. "निरोप जातो त्या वाटंनं बोलना का नाय जात? वाट तर एकच हाय ना?"

पहिले काही दिवस बरे गेले. सकाळी आणि दिवेलागणीला आवडाबाईंचा आवाज यायचा, आणि धाकूशेठ फोन कानाला घट्ट लावून ऐकायचे. "पोचले. इथं रस्त्यान् मानूस दिसत नाय, नुसत्या गाड्या. पापलेट मिलतो, पन आपल्यासारखा नाय. करिश्मा बरी हाय, पाय सुजलेत. तुमी जेवलाव का?" मग हे उत्तर द्यायचे. त्यावर एक टिक यायची आणि संध्याकाळपर्यंत एकच राहायची.

"दिवसाची एकच टिक का?" त्यांनी मला विचारलं.

"घराबाहेर असतील. बाहेर वायफाय नसतं."

"बालंतपनाला गेलेली बाई दिवसभर घराभायेर काय करते?"

धनेशनं सांगितलं की बाळाची खरेदी चालू असेल, करिश्माला फिरायला नेत असतील. तो उठून गेल्यावर धाकूशेठ मला हळूच म्हणाले, "पोरगी दवाखान्यान् हाय. मना सांगत नायत."

ही शंका हवेतून आली नव्हती. आमच्याकडे वाईट बातमी कुणी सरळ सांगत नाही. धाकूशेठचे वडील मिठागरावर गेले, तेव्हा सांगावा आला तो असा, "बापूस जरा आजारी हाय, येऊन जा." हे पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. थोरले भाऊ गेले, तेव्हा दवाखान्यातून फोन आला, "कालजी करू नको, डाक्टर हायेत." ऐकणाऱ्याला रस्त्यात धक्का बसू नये म्हणून ही रीत. पण सगळेच ती जाणतात, त्यामुळे काळजी करू नको म्हटलं की माणूस आधी मटकन बसतो.

त्या दिवशी सकाळी आवडाबाईंचा आवाज आला नाही. दुपारी धाकूशेठनी खालून मला हाक मारली. त्यांच्या फोनवर आवडाबाईंच्या नंबरवरून निरोप आला होता, आणि तो बोललेला नव्हता, लिहिलेला होता. मी वाचला.

"येथे सर्व ठीक आहे. कृपया काळजी करू नका. नंतर बोलू."

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"आवडाला लिवता येत नाय," ते म्हणाले.

"करिश्मानं लिहिलं असेल."

"करिश्मा? बापसाला 'कृपया' लिवील?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. तो निरोप सरकारी पत्रासारखा होता. घरातल्या माणसानं लिहिला आहे असं त्यात एक अक्षर नव्हतं.

त्यांनी आवडाबाईंना साधा फोन लावला. संपर्क होत नव्हता. करिश्माचा बंद होता. हितेशला लावला, नुसती घंटी वाजत राहिली. धनेशला लावला, तो उचलेना, कामात असावा. मग त्यांनी विठ्ठलवाडीला बहिणीला, नंदाताईंना फोन केला. मी शेजारीच बसलो होतो.

"नाय गं, काय नाय," ते म्हणाले. "आवडाचा निरोप आलाय. सगला ठीक हाय म्हनून. लिवून आलाय."

पलीकडून नंदाताईंचा आवाज मलाही ऐकू आला, "बरा दादा. येते मी."

त्या रिक्षा करून आल्या. बरोबर दोन जावा होत्या, आणि हातात चहानं भरलेली किटली. ज्या घरात कुणी गेलं त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून नातलग चहा करून आणतात. धाकूशेठनी किटलीकडे पाहिलं. नंदाताईंनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं. दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही. ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याच्या तोंडून तो वदवून घ्यायचा नसतो. धाकूशेठना वाटलं, हिला कुणीतरी कळवलं. नंदाताईंना वाटलं, दादाला कळलंय, बोलवत नाही. त्या गुमान भिंतीला टेकून बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

मग माणसं येतच गेली. ठाकुर्लीचे चुलत भाऊ, गावदेवीजवळच्या शालनवहिनी. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. पुरुष जिन्यापाशी उभे राहून दबक्या आवाजात बोलत होते.

"आनायला किती दिस लागतील?"

"तिकडचे कागद लय असतात. वकिलातीतून सही लागते."

"पन कोन? माय का लेक?"

त्यांच्यापैकी एकानं मला बाजूला घेतलं. "टिपणीस, तुमी निरोप वाचला ना? काय होता?"

"सर्व ठीक आहे, असा होता."

त्यानं मान हलवली. "हां. तसाच कलवतात."

दिवेलागणीला धनेश आला. चपलांचा ढीग पाहून तो दारातच थबकला. आधी त्याची नजर बापाला शोधत गेली. बाप खाटेवर दिसला, तसा त्याचा चेहरा उतरला. "आई?" एवढंच तो म्हणाला. नंदाताईंनी उठून त्याला पोटाशी धरलं, आणि इतका वेळ दाबून ठेवलेला सगळ्या बायकांचा हुंदका एकदम फुटला. धनेशही रडू लागला.

धाकूशेठ माझ्याकडे वळले. "बगा. त्याला ठावूक होता. मना सांगितला नाय."

मला मात्र धनेशचं ते "आई?" खटकत होतं. ज्याला ठाऊक आहे तो विचारेल कशाला? लोकांत बोलायची मला सवय नाही, पण मी त्याच्या खांद्याला हात लावून विचारलं, "तुला कुणी कळवलं?"

"मला? कुणीच नाही. आत्ता इथं... आत्या, तुला कुणी सांगितलं?"

"मना दादाने फोन केला."

"बाबा, तुम्हाला?"

"निरोप आला ना. टिपणीसनी वाचला."

सगळं घर माझ्याकडे पाहू लागलं. त्या नजरेत काय होतं ते लिहिणं कठीण आहे. बातमी माझ्यापासूनच सुरू झाली होती, आणि माझ्याकडे तर बातमीच नव्हती. मी फोन घेतला आणि मोठ्यानं वाचू लागलो, "येथे सर्व ठीक आहे..." शालनवहिनींनी पुन्हा हुंदका दिला.

तेवढ्यात माझ्या हातातच फोन थरथरला. आवडाबाईंचा बोललेला निरोप. धनेशनं ओढून घेतला आणि आवाज मोठा केला.

"अवो, पोरगी झाली! दोगीबी बऱ्या हायेत. पहाटेच दवाखान्यान् आनली, घाईन् जावय फोन घरीच इसरला. दवाखान्याला वायफाय हाय, पन तो आधी फोनवर आकडा धाडतो, आनि आकडा येतो इथल्याच नंबरवर. माझा फोन तर धनेशने मुका करून दिलाय. मंग एक नर्स होती, केरलची, लय चांगली पोर. तिने तिचा नेट दिला. मना तेवढ्यान् आत बोलावला, म्हनून तीच तिच्या भाषेन् बोलली, फोनाने त्याचा मराठी केला आनि तुमाला धाडला. मिलाला ना? आता घरी आलेय, पोरीला सूप न्यायला."

नंदाताई हसायला लागल्या, आणि हसताना त्यांचं रडणं थांबेना. धनेश भिंतीला टेकून खालीच बसला. एक चुलत भाऊ म्हणाले, "आयला! मी कामावरून रजा टाकून आलो."

"थांबा," धाकूशेठ म्हणाले.

सगळे थांबले.

"हा भरून ठेवलेला आवाज. आता ती कशी हाय ते कसा कलनार?"

"बाबा! पोरगी झाली म्हणतेय. अजून काय पाहिजे?"

"तू गप. मना इचारू दे." त्यांनी अंगठा माइकवर दाबून धरला. "आवडा, मी बोलतोय. लगेच बोल. तू निघताना सुकट कंच्या डब्यान् ठेवलीस?"

अंगठा सुटला. एक टिक. मग दोन. मग निळ्या.

उत्तर आलं. "सुकटीचा मरू द्या. तुमच्या मागं कोन रडते? नंदा हाय ती. नंदा आज आपल्याकडं कशाला? घरान् एवढी मानसा कसली? कोन गेला?"

धाकूशेठ गडबडले. "कोन नाय गेला," ते फोनमध्ये म्हणाले. "सगला ठीक हाय. तू कालजी करू नको."

धनेशनं कपाळाला हात लावला.

"असाच सांगतात," आवडाबाईंचा आवाज आला, आता चिरका. "मी काय लहान हाय? मी परदेशान्, म्हनून लपवताव. धनेश कुठं हाय? त्याचा आवाज ऐकवा मना."

धनेश बोलला. मग त्यांनी नंदाताईंना मागितलं. नंदाताई रडून घोगऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे संशय आणखी वाढला. मग ठाकुर्लीचे भाऊ, मग शालनवहिनी. एकेकाला बोलावून फोन तोंडापुढे धरायचा आणि त्यानं आपण जिवंत असल्याचं सांगायचं, असं सुरू झालं. "वैनी, मी हाय. अभिनंदन." "आवडा, मी गं. पोरगी कुनासारखी हाय?" खोलीत हसू पसरत गेलं. फक्त धाकूशेठ हसत नव्हते. ते प्रत्येक निरोपाच्या टिका मोजून घेत होते.

मग एक उत्तर आलं. "सगल्यांचे ऐकले. वरचे टिपणीस कुठं हायेत? ते तर रोज तुमच्यापाशी बसतात. त्यांचा आवाज नाय आला."

सगळे माझ्याकडे वळले. धनेशनं फोन माझ्या हातात दिला. मी त्या यंत्रात कधी बोललो नव्हतो. पहिल्यांदा अंगठा लवकर सुटला आणि नुसता खाकरण्याचा आवाज गेला.

"टिपणीस, जोरान् बोला," नंदाताई म्हणाल्या. "तिला पटला पाहिजे."

मी घसा साफ केला. "वहिनी, मी आहे. मी बरा आहे."

"गेला?" धाकूशेठनी विचारलं.

मी चष्मा वर करून पाहिलं. एकच टिक होती. आम्ही थांबलो. एकच राहिली.

"सूप घेऊन निघाली असेल परत दवाखान्यात," धनेश म्हणाला. "वायफाय सुटलं. आता घरी येईल तेव्हाच मिळेल तिला. म्हणजे तोवर तिच्या लेखी काका..." आणि तो माझ्याकडे पाहून गप्प झाला.

खाकरणं मात्र पोचलं होतं. त्यावर दोन टिका होत्या.

माणसं हळूहळू चपला शोधू लागली. मीही उठलो, तर धाकूशेठनी माझा हात धरला आणि मला पुन्हा खाटेवर बसवलं.

"तुमी कुठं जाताव?" ते म्हणाले. "ती परत इचारील. आज इथंच जेवा."