वर्गात मला खरं कोण सांगेल?

मित्रांनो, मी खांदेश्वरजवळच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. शिकवण्याची पद्धत बदलायची होती, म्हणून आज सेकंड इयरच्या मुलांना विचारलं, "पुढे काय करायचंय? अभ्यास कधी करता?"

सगळ्यांचं एकच उत्तर. सीए व्हायचंय, रोज वाचतो. माझा काही विश्वास बसेना.

लेक्चर संपल्यावर सोनल (नाव बदललंय) मागे थांबली. "सर, हे नक्की कशासाठी विचारलंत?"

"तुम्हाला नीट शिकवता यावं म्हणून."

"मागच्या वर्षी एका मॅडमनी पण असंच विचारलेलं. मी खरं सांगितलं, की संध्याकाळी मॉलमध्ये काउंटरवर असते, अभ्यासाला वेळच मिळत नाही. त्यांनी घरी फोन केला. पप्पा माझं कॉलेजच बंद करणार होते."

"मी कोणाच्या घरी फोन करणार नाही," मी म्हणालो.

"त्या पण हेच म्हणाल्या होत्या," ती शांतपणे म्हणाली आणि बॅग उचलून गेली.

मुलं थापा मारतात, असा माझा संशय होता. त्यांचा माझ्यावरचा संशय त्याहून जुना निघाला.

तिच्या जागी तुम्ही असता, तर मला खरं सांगितलं असतं का?