कागदाच्या पाठीचा फोटो

मोडी वाचता येणं हा गुन्हाच आहे, हे मला नगरच्या दप्तरखान्यात नोकरी करताना कळलं. ज्याला वाचता येतं त्याच्याच गळ्यात सगळी गाठोडी! स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच महिन्यांत दिल्लीच्या अभिलेखागाराचं पत्रक आलं. तुमच्या भागातले कोणते जुने कागद परदेशी गेले ते कळवा, आम्ही तिथल्या ग्रंथालयांत शोध करवू, नकला मागवू. आमच्या साहेबांनी ते पुरतं वाचलंही नाही. "हे तुमचं," म्हणाले आणि माझ्या टेबलावर टाकलं.

मला वाटलं, सांगायला येतंय कोण! तर आठवड्यातच पुणतांब्याचा एक म्हातारा नावाडी दारात उभा. मामलेदार कचेरीत त्याला कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. त्याचं घर पिढ्यान् पिढ्या गोदावरीवर होडी चालवत आलेलं. हक्क पेशवाईतल्या सनदेचा. ती सनद त्याच्या आजोबांनी एका गोऱ्या साहेबाला वाचायला दिली, आणि साहेब ती घेऊन मायदेशी गेला. आता होडी दुसऱ्या ठेकेदाराला द्यायचा घाट घातला होता. प्रांतसाहेबांनी म्हाताऱ्याला बजावलं होतं, कागद दाखव, नाहीतर होडी सोड.

"आज्यानं पावती मागितली न्हाई," तो म्हणाला. "एवढा मोठा मानूस, त्येला कसं मागावं?"

"बाबा, विलायतेत काय एकच कागद आहे होय?" मी खेकसलो. तरी लिहिलं. नगरहून पुण्याला, पुण्याहून मुंबईला, तिथून दिल्लीला, दिल्लीहून विलायतेला. म्हातारा दर महिन्याला यायचा, बाकावर बसायचा.

"आलं का, भाऊसाहेब?"

"नाही."

खरं सांगतो, त्याचा चेहरा दिसला की माझ्या जिवावर यायचं. आपल्याकडे उत्तर नसलं की विचारणाऱ्याचाच राग येतो. प्रांतसाहेब भला माणूस, तारखा पुढे ढकलत राहिला.

वर्षभरानं जाड पाकीट आलं. आत चार फोटो. अहो, सनदच ती! होडीचा उतार म्हणजे नदी ओलांडायची जागा, घराण्याचं नाव, वंशपरंपरेचा हक्क, अक्षर न् अक्षर लागत होतं. मी म्हाताऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता, आणि मी एकदम चारही फोटो पुन्हा चाळायला लागलो.

असले लांब कागद म्हणजे एकाखाली एक चिकटवलेले ताव. मधला ताव कुणी बदलू नये म्हणून प्रत्येक सांध्यावर पाठीमागून शिक्का मारायचे, अर्धा वरच्या तावावर, अर्धा खालच्या. तो शिक्का दिसल्याशिवाय कचेरी कागद मानत नसे. आणि फोटो काढणाऱ्यानं सनद पालथी केलीच नव्हती. त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार?

पुन्हा लिहिलं, पाठीचा फोटो पाठवा. चार महिन्यांनी उत्तर आलं. कागद जीर्ण झाल्यानं फार पूर्वीच तो जाड पुठ्ठ्यावर डकवलेला आहे, पाठ आता पाहता येणार नाही. आधीची नक्कल आपल्या उपयोगी पडली असेल अशी आशा आहे. मी कपाळावर हात मारला.

म्हाताऱ्याला सांगितलं.

"म्हंजी शिक्का हाय, पर पुठ्ठ्यात गेला?"

"असेल."

"हाय का असंल?"

मी विलायतेचं पत्र घडी घालून फायलीत ठेवलं.

प्रांतसाहेबांनी माझा लेखी अभिप्राय मागवला. प्रश्न एकच, सांध्यांवर शिक्के आहेत काय? अक्षराचं वळण, तारीख, मायना, सगळं अस्सल होतं. वीस वर्षं असले कागद चाळून मला तिळमात्र शंका नव्हती. 'आहेत' लिहिलं असतं तर विलायतेचा पुठ्ठा सोलून बघायला कोण जाणार होतं? पण सरकारी कागदावर खोटं लिहायला हात धजेना. मी लिहिलं, 'पाहिलेले नाहीत.'

त्या एका ओळीवर होडी गेली.

त्यानंतर म्हातारा एकदाच आला. मी मान खाली घालून बसलो. मला वाटलं, आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"तुमी दिसलं तेच लिवलं, भाऊसाहेब. बराबर हाय," तो म्हणाला. "आता येक पत्र विलायतेला लिवा. कागद नीट संबाळा म्हनावं. आमचं तेवढंच ऱ्हायलंय."

मी हो म्हणालो. ते पत्र मी कधीच लिहिलं नाही. दमलो होतो हो मी.