पेन्सी-लाच्या अलीकडून परत

२६ जून

इतके दिवस इथे काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. गावोगावी टँकर चालू असताना सहलीचं काय लिहायचं, हा संकोच होता. अजूनही आहे. पण लडाखमधल्या सुरू नदीच्या खोऱ्यातला रस्ता कसा आहे, असं विचारणारे निरोप येत राहिले. शिवाय आमच्या हातून जे झालं, ते आपल्या भागातून तिकडे जाणाऱ्यांना कळायला हवं.

जायचं ठरलं ते आक्कांसाठी. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद, चौसाळ्याजवळच्या एका गावातल्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष. पूर्वी दूध टिकवायला संस्थेत बर्फाच्या लाद्या यायच्या. तेव्हापासून बर्फाचा डोंगर बघायचं त्यांच्या मनात होतं. यंदा दूध आटलं, जनावरं छावणीत गेली आणि आक्का टँकरच्या पाइपापाशी उभ्या राहू लागल्या. सगळ्यांचे हंडे भरल्यावर उरेल ते त्यांचं.

"मी न्हाई तर भांडणं व्हतील," त्या म्हणाल्या.

"आक्का, तू असतानाही होतात की," माझा नवरा अनंत म्हणाला. त्यावर त्या हसल्या आणि तयार झाल्या. मला मात्र मांजरसुंब्याला चहा घेतानाही वाटत होतं, ही काय फिरायला जायची वेळ आहे?

गेवराईवरून संभाजीनगर, मग विमानाने दिल्ली आणि लेह. लेहला दोन दिवस नुसती विश्रांती घ्या, हे टाळू नका. टॅक्सीचे दर युनियनने ठरवलेले असतात, घासाघीस करण्यात अर्थ नाही. कारगिलपर्यंत रस्ता गुळगुळीत. जेवायला राजमा-भात सगळीकडे मिळतो, पण आक्कांनी घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणीच खाल्ली. उंचीवर भरपूर पाणी प्यायचं म्हणून मी रोज सकाळी प्रत्येकाला बाटल्या द्यायचे आणि संध्याकाळी विचारायचे.

"पाणी प्यालात ना, आक्का?"

"पेले की."

ड्रायव्हर हुसेनभाईही बजावायचे, "माताजी, पानी पीते रहिए."

"पीती ना बाबा, कित्ती बार बोलूं?" आक्का आपल्याकडच्या हिंदीत उत्तर द्यायच्या. त्यांची बाटली दिसेनाशी होई आणि मी निश्चिंत.

पानिखारच्या पुढे रस्ता खडबडीत झाला. पारकाचिकची हिमनदी जाताना ढगात होती. "पुढे पेन्सी-ला खिंडीतून याहून मोठी दिसते," म्हणून आम्ही थांबलोही नाही. रंगदूमच्या माळावर मार्मोट, म्हणजे बिळात राहणारे खारीच्या कुळातले प्राणी, उन्हाला बसले होते, पिवळट तपकिरी, मांजराहून मोठे.

"या घुशीला येवढं खायला कोण घालतंय?" आक्का म्हणाल्या. त्यानंतर बराच वेळ त्या धड बोलल्या नाहीत. मग डोकं धरलं, उलटी झाली. मी पाठीवर हात फिरवत होते तर माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "टँकर आला का गं?"

शाल काढायला सीटखालची त्यांची पिशवी ओढली, ती हलेना. आत सगळ्या बाटल्या. भरलेल्या, सीलसुद्धा न तोडलेल्या.

"आक्का, हे काय?"

"परतीला लागंल. फुडं पाणी आसंल, नसंल."

खिडकीबाहेर सुरू नदी दुथडी भरून वाहत होती.

"खिंड जवळच आहे गं," अनंत म्हणाला. "इतक्या वर्षांची तिची इच्छा..." मी हुसेनभाईंना गाडी वळवायला सांगितलं. बाटली आक्कांच्या ओठांना लावली, तर तोंड घट्ट मिटलेलं. "आधी बाकीच्यांचं," एवढंच. समजावलं, रागावले, हात जोडले. गाडी हादरत होती आणि पाणी हनुवटीवरून गळत होतं. शेवटी मी म्हणाले, "आक्का, टँकर येऊन गेला. सगळ्यांचे हंडे भरले. हे उरलंय, तुमच्या वाटचं."

"समद्यांचे?"

"समद्यांचे."

मग त्या प्यायल्या. घोट, घोट. एक बाटली, मग दुसरीतली थोडी.

पारकाचिकपाशी ढग वर गेले होते. आक्कांनी डोळे उघडले आणि नदीपर्यंत उतरलेल्या त्या करड्या बर्फाकडे बराच वेळ पाहिलं.

"हीच का हिमनदी? नदी म्हणतेत, अन् व्हात न्हाई?"

"वाहते आक्का, फार हळू."

"लई मळकी हाय. आमच्या संस्थेची लादी कशी लख्ख आसायची."

अनंत हसायला लागला आणि मला रडू आलं. पानिखारला डॉक्टरांनी ऑक्सिजन दिला, सलाइन लावलं. उंची बाधली होतीच, त्यात अंग कोरडं पडलेलं. आणखी वर गेला असतात तर कठीण होतं, म्हणाले.

तर पेन्सी-ला खिंड आम्ही पाहिलीच नाही. फोटोही मागू नका. कुणाला आपल्याकडची वडीलधारी माणसं न्यायची असतील, तर नुसत्या बाटल्या देऊ नका. समोर बसून पाजा. मी विचारत राहिले, बघितलं नाही.

आता आक्का संस्थेत बायकांना घुशींच्या गोष्टी सांगतात. गाडीतलं त्यांना काही आठवत नाही. मी खोटं बोलून पाणी पाजलं, हेही मी अजून सांगितलेलं नाही. काल टँकर आला तेव्हा मी गावातच होते. त्या पुन्हा सगळ्यात शेवटी. हंडा अर्धाही भरला नाही. मी बोलले, तर म्हणाल्या, "अध्यक्षानं आधी भरल्यावर लोक काय म्हणतील?" टँकर परत उद्या आहे.

उद्याचं काम: रांगेत आक्कांचा हंडा पहिला लावायचा.