एसपुढची शेपटी

आमच्या शेजारचे सर इंग्रजी शिकवून रिटायर झाले, पण कामतघरच्या दुकानांच्या पाट्या त्यांना स्वस्थ बसू देत नाहीत. इंग्रजीत लिहिलेल्या 'लेडीज टेलर'मधल्या शेवटच्या एसपुढे अपॉस्ट्रॉफीची शेपटी नसली, की ते भर रस्त्यात थांबतात. "अहो, एकाच बाईचा टेलर आहे का हा? सगळ्या बायकांचा ना? मग एसपुढे शेपटी नको?" पिशवीत पांढरा रंग आणि ब्रश असतोच. रिक्षावाले हसतात. मी बरोबर असलो, की तेव्हा दोन पावलं मागे राहतो.

यंदा दसऱ्याला ते टेलरताईंच्या दुकानापुढे स्टुलावर चढले. शिलाई मशीनला हार घातलेला, पाटी नवी रंगवलेली. मी लगेच शेजारच्या पानटपरीकडे वळलो.

ताई म्हणाल्या, "सर, पेंटरला सांगून तेवढी जागा सोडून ठेवलीय. ती तुमचीच हाय." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्ही पन सरांबरोबर ना? या, पेढा घ्या."

"नाही नाही," मी घाईघाईने म्हणालो, "मी सुपारी घ्यायला आलोय."

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. शेपटी नीट ओढत ते वरूनच म्हणाले, "बरोबर आहे ताई, ते त्यांच्या कामाला आलेत. पण पेढा द्या त्यांना."